रिपोर्टमधला काळा आकडा

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आम्ही मिरज तालुक्यातल्या एका गावात राहतो. माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. अठरा वर्षांपासून शुगर आहे. गेल्या पावसाळ्यात नव्या चपलेचा अंगठा लागून डाव्या पायाला जखम झाली. दोन महिने मलमपट्टी केली, भरेना. मग डॉप्लर झालं, अँजिओग्राफी झाली आणि मांडीतल्या नसेत स्टेंट टाकला. जखम भरली, त्याला आता चार महिने झाले. गोळ्या चालू आहेत: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, सिलोस्टाझॉल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १०, शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड.

पुण्याच्या माझ्या दिरांनी ऑनलाइन ६,५०० रुपयांचं रक्तवाहिन्यांचं पॅकेज बुक केलं. माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. त्या आठवड्यात मामंजींना ताप-खोकला होता. रिपोर्टात पाच आकडे लाल आलेत: एचएस-सीआरपी ९.२, डी-डायमर ७८०, होमोसिस्टीन ३४, लायपोप्रोटीन-ए ६२, एनटी-प्रोबीएनपी ६४०. बाकी एलडीएल ९८, क्रिएटिनिन १.३ वगैरे सगळं नॉर्मल. दीर म्हणतात, हे पॅकेज दर तीन महिन्यांनी करायचं, म्हणजे पाय धोक्यात यायच्या आधीच कळेल. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सूट आहे. उजव्या पायाचा एबीआय १.४४ आहे, म्हणून तो पाय उत्तम, असंही ते म्हणतात.

मामंजींनी लाल आकडे पाहिले आणि जेवण निम्म्यावर आणलं. "आता काढायचाच म्हणतील," एवढंच बोलतात. ते माळकरी आहेत. बिडी सोडली असं डॉक्टरांना सांगितलंय, पण मळ्यात गेले की दोन-चार ओढतात. मला वास येतो. घरात यावर कोणी बोलत नाही.

रक्तावरून खरंच कळतं का, पाय राहणार की जाणार? आणि दर तीन महिन्यांनी तपासायचं का?

एक सून

उत्तर

ताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर आधी देते: नाही, आणि नाही. पाय राहणार की जाणार, हे सांगणारी रक्ताची तपासणी आज कुठल्याही लॅबमध्ये होत नाही. हे पॅकेज दर तीन महिन्यांनी करण्यातही अर्थ नाही. वर्षाचे पैसे भरू नका.

पण हा रिपोर्ट फेकूनही देऊ नका. त्यात कामाच्या गोष्टी आहेत. त्यातली एक तातडीची आहे, आणि सगळ्यात मोठी गोष्ट लाल अक्षरात छापलेलीच नाही. मी मामंजींना तपासलेलं नाही, त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते त्यांच्या सर्जनपुढे ठेवायचे प्रश्न म्हणून वाचा. गोळ्या परस्पर कमी-जास्त करू नका.

तातडीचं आधी. एनटी-प्रोबीएनपी ६४०. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की हृदयाचे स्नायू हे द्रव्य रक्तात सोडतात. ज्यांना दम वगैरे लागत नाही अशा माणसात साधारण १२५च्या वर गेलं की हृदय एकदा नीट पाहावं, असा प्रघात आहे. वय वाढलं, किडनी थकली, तरीही हा आकडा वाढतो, त्यामुळे ६४० म्हणजे हृदय निकामी झालं, असं मुळीच नाही. मामंजींच्या बाबतीत मला तो खटकला तो त्यांच्या गोळ्यांच्या यादीमुळे. सिलोस्टाझॉल ही गोळी पायाचं चालणं वाढवायला देतात आणि चांगली चालते, पण हृदय कमजोर असलेल्या माणसाला ती द्यायची नसते. कमजोरी थोडी असो की जास्त, नियम तोच. ही गोळी ज्या गटातली आहे त्या गटातल्या मिलरिनोन या औषधाने १९९१ साली हृदयाच्या रुग्णांमध्ये मृत्यू वाढलेले दिसले होते, तेव्हापासून हा इशारा आहे. शिवाय युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये सांगितलं की अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची जोडी चालू असताना सिलोस्टाझॉल तिसरी म्हणून देऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आपल्याकडे स्टेंटनंतर या तिन्ही गोळ्या एकत्र सर्रास दिसतात. म्हणून उद्याच्या उद्या सर्जनना फोन करा आणि दोन वाक्यं सांगा: प्रोबीएनपी ६४० आलंय, आणि सिलोस्टाझॉल चालू आहे. मधल्या काळात इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. मामंजींना रात्री आडवं झोपल्यावर दम लागतो का, दोन्ही पाय संध्याकाळी सुजतात का, तेही विचारा. तसं काही असेल तर फोनवर थांबू नका, गाडीत बसवा.

पाच लाल आकड्यांपैकी औषधाची गोळी बदलायला लावू शकेल असा हा एकच. गंमत म्हणजे त्याचा संबंध थेट पायाशी नाही.

पायाच्या नसांचा आजार म्हणजे सगळ्या अंगाच्या नसांचा आजार, पायात आधी दिसलेला, एवढंच. पोटरी भरून येणाऱ्या माणसाला पाय जाण्यापेक्षा हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका जास्त असतो. रक्तातल्या या खुणा मोठ्या अभ्यासांमध्ये जी गुंतागुंत आधी दाखवतात ती बहुतेक हीच असते. पायाच्या बाबतीत पुरावा त्या मानाने कमी आहे, पण अगदीच नाही असंही नाही. अमेरिकेत १९८७पासून चार ठिकाणच्या लोकांवर चाललेल्या एका दीर्घ अभ्यासात ज्यांचं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) आणि प्रोबीएनपी जास्त होतं, त्यांच्यात पुढे पायाच्या नसा बंद होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. टोरोंटोच्या सेंट मायकल्स हॉस्पिटलमधला एक गट स्नायूंना रक्त कमी पडलं की बाहेर झिरपणाऱ्या एका प्रथिनावर काम करतो आहे, त्याला फॅटी अ‍ॅसिड बाइंडिंग प्रोटीन-३ म्हणतात. अशी अनेक प्रथिनं एकत्र मोजून, संगणकाला शिकवून, कोणाच्या पायाला धोका जास्त हे ओळखायचा त्यांचा प्रयत्न आहे. उद्या त्यातून काही हाती लागेलही. तुमच्या पॅकेजमध्ये ते नाही.

आणि अंदाज कितीही चांगला झाला तरी तो घोळक्याचा असतो. शंभर वारकऱ्यांच्या दिंडीत फलटणपर्यंत साधारण किती जणांच्या पायाला फोड येतील हे जुना विणेकरी सांगू शकतो. कोणाच्या, ते तो सांगत नाही. मामंजींच्या मनात मात्र लाल आकडा म्हणजे त्यांच्याच नावाची चिठ्ठी झाली आहे.

आता बाकीचे लाल आकडे. सीआरपी ९.२ सोडून द्या. अंगात कुठेही दाह असला की ते वाढतं, आणि त्या आठवड्यात ताप-खोकला होता असं तुम्हीच लिहिलंय. खोकल्यात, दातदुखीत, चिकनगुनियात, लघवीच्या जंतुसंसर्गात सीआरपी करून हृदयाचा किंवा पायाचा धोका वाचत बसणं म्हणजे लग्नघरात शांतता मोजणं. पॅकेजवाल्याने रक्त घ्यायच्या आधी "ताप आहे का" एवढं विचारलं असतं तर हा आकडा आलाच नसता. बरं वाटून तीन आठवडे उलटल्यावर केलं आणि तरीही दोनच्या वर राहिलं, तर नसांच्या आत दाह धुमसतोय असं समजतात. पण त्यावर उपाय काय? तोच, जो त्यांना नाहीतरी करायचा आहे: कोलेस्टेरॉल खाली, बिडी बंद, शुगर ताब्यात.

होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो आम्ल. ते ३४ पाहून मला धक्का बसला नाही. मामंजी माळकरी, म्हणजे मटण-मासळी बंद, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. दोन्हींमुळे बी-१२ कमी होतं, आणि बी-१२ कमी झालं की होमोसिस्टीन चढतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण भागातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या पुरुषांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये बी-१२ कमी सापडलं होतं. म्हणजे मामंजी एकटे नाहीत, निम्मं गाव त्यांच्यासोबत आहे.

मात्र होमोसिस्टीन खाली आणलं म्हणून नसा मोकळ्या होत नाहीत. हे नीट तपासून झालंय. होप-२ नावाच्या चाचणीत साडेपाच हजार रुग्णांना पाच वर्षं फॉलिक अ‍ॅसिड, बी-६ आणि बी-१२ दिलं. होमोसिस्टीन उतरलं, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. तरीही बी-१२ची पातळी तपासा आणि कमी असेल तर भरून काढा, कारण ते मज्जातंतूंसाठी लागतं. शुगरने आधीच बधिर होत चाललेल्या तळपायाला बी-१२ची कमतरता आणखी बधिर करते, आणि बधिर पायाला चप्पल लागलेली कळत नाही. त्या जखमेचं मूळ कदाचित तिथेच होतं. चप्पल पहिल्या दिवशी लागली तेव्हा त्यांना दुखलं होतं का, विचारून पाहा.

लायपोप्रोटीन-ए ६२. हा कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. हा आकडा जन्मासोबत येतो, आईवडिलांकडून. खाण्याने, चालण्याने फारसा हलत नाही, म्हणून तो आयुष्यात एकदा मोजायचा आणि फाइलला लावून ठेवायचा. दर तीन महिन्यांनी तो मोजणं म्हणजे शुद्ध पैसे खाणं आहे. ५० मिलिग्रॅमच्या वर गेला की धोका वाढलेला धरतात. तो कमी करणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. तोवर त्याचा अर्थ इतकाच, की दुसरं कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल नेहमीपेक्षा जास्त कडकपणे खाली ठेवायचं. आणि हो, दिरांना तपासण्यांची हौस आहे ना? मग त्यांनी आणि तुमच्या मिस्टरांनी स्वतःचं लायपोप्रोटीन-ए एकदा करून घ्यावं. वडिलांचं जास्त असेल तर मुलांचं जास्त असण्याची शक्यता बरीच असते. या पॅकेजमधून घरातल्या बाकीच्यांना काही मिळणार असेल तर ते हेच.

डी-डायमरकडे नंतर येते, कारण दर तीन महिन्यांच्या तपासणीचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

आधी काळ्या अक्षरातलं. एलडीएल ९८. लॅबने त्याच्यापुढे "१०० पेक्षा कमी" अशी नॉर्मलची रेघ छापली आणि तो आकडा काळा राहिला. ती रेघ धडधाकट माणसाची आहे. ज्याच्या पायात स्टेंट आहे, ज्याला अठरा वर्षांची शुगर आहे आणि ज्याचं लायपोप्रोटीन-ए वर आहे, त्याचं एलडीएल ५५च्या खाली हवं, असं युरोपचे हृदयतज्ज्ञ सांगतात, आणि भारतातलेही साधारण तेवढंच कडक सांगतात. मामंजींचं जवळजवळ दुप्पट आहे. आणि कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, कितीची? अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १०. पायाच्या नसांच्या रुग्णाला साधारणपणे ४० किंवा ८० देतात, सोसत असेल तर, आणि तेवढ्याने भागलं नाही तर एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडतात. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या दीड लाखाहून जास्त पायाच्या रुग्णांच्या नोंदी २०१८ साली तपासल्या गेल्या. स्टॅटिन न घेणाऱ्यांच्या तुलनेत जास्त ताकदीचं स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये पाय कापावा लागण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं. या नोंदी आहेत, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, हे मान्य. पण एलडीएल उतरवून हार्ट अटॅक आणि लकवा कमी होतो, हे मात्र चाचण्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय.

मला चीड येते ती याची. पाच लाल आकड्यांनी घर हादरलं, आणि ज्याच्यावर उद्या सकाळी उपाय करता येतो तो आकडा काळा होता म्हणून कोणी पाहिलाच नाही. नव्या आणि जुन्या खुणांची शर्यत पूर्वीच लावून झालेली आहे. २००१ साली अमेरिकेतल्या सुमारे पंधरा हजार पुरुष डॉक्टरांच्या साठवलेल्या रक्तावर अभ्यास झाला: पुढे ज्यांच्या पायाच्या नसा बंद झाल्या त्यांच्या रक्तात आधी काय वेगळं होतं? शर्यतीत होमोसिस्टीन होतं, लायपोप्रोटीन-ए होतं, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन होतं. पुढे आले ते सीआरपी आणि आपलं जुनंच कोलेस्टेरॉल, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉलला चांगल्या कोलेस्टेरॉलने भागलं की येणारा आकडा. तो आकडा कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये निघतो.

दुसरा काळा आकडा क्रिएटिनिन १.३. तोही रेघेच्या आत. पण ७१ वर्षांच्या पुरुषाच्या वयात बसवून किडनीच्या गाळण्याचा वेग काढला तर तो साठच्या जरा खाली येतो, म्हणजे किडनी थोडी थकायला लागली आहे. यासोबत जी तपासणी हमखास व्हायला हवी ती तुमच्या साडेसहा हजारांत नाहीच: सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन (हे एक प्रथिन) आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर. काही शे रुपयांचं काम. वेगवेगळ्या देशांतल्या आठ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून २०१७ साली पाहिलं गेलं, तेव्हा लघवीतून अल्ब्युमिन जाणाऱ्यांमध्ये पायाच्या नसांचा आजार जास्त दिसला, आणि पाय कापावा लागण्याशी तर त्याचा संबंध फार ठळक होता. पायाच्या भवितव्याबद्दल प्रयोगशाळेकडून काही ऐकायचंच असेल तर ते रक्तापेक्षा या लघवीच्या बाटलीतून ऐका. निकाल ३०च्या वर आला तर शुगर आणि बीपीच्या गोळ्यांमध्ये बदल करून किडनी वाचवता येते, म्हणजे त्या आकड्यावर काहीतरी करता येतं.

तिसरा, उजव्या पायाचा १.४४. एबीआय म्हणजे घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब. ०.९ किंवा त्याखाली आला तर नस अरुंद. दिरांनी हिशोब केला असेल की ०.९ वाईट, १ चांगला, मग १.४४ उत्तमच. तसं नाही. १.४च्या वर गेला की त्याचा अर्थ नसेच्या भिंतीत चुना साठून ती इतकी कडक झालीय की पट्ट्याने दाबलीच जात नाही. जुन्या शुगरमध्ये आणि किडनीच्या आजारात हे हमखास होतं. त्या आकड्यावरून आत रक्त वाहतंय की नाही हे कळतच नाही. अशा वेळी पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा लावून तिथला दाब मोजतात, कारण बोटातल्या बारीक नसा सहसा इतक्या कडक होत नाहीत. ते गुणोत्तर ०.७ किंवा त्याखाली असेल तर उजवीकडेही आजार आहे. सर्जनना म्हणावं, उजव्या अंगठ्याचा दाब मोजून द्या. सगळ्यांचं लक्ष डाव्या पायावर आहे, म्हणून हे लिहिलं.

आता डी-डायमर आणि दर तीन महिन्यांचा प्रश्न. रक्ताच्या गाठी बनून विरघळताना जो चुरा राहतो तो हा. वयाने वाढतो, तापाने वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो. तरी दीर म्हणतात त्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मेरी मॅकडरमॉट यांच्या गटाने पायाच्या रुग्णांचं रक्त दर दोन महिन्यांनी, तीन वर्षांपर्यंत तपासलं. ज्यांना हृदयाचा त्रास उद्भवला त्यांच्यात त्याच्या दोन महिने आधी डी-डायमर, त्यांच्याच आधीच्या पातळीपेक्षा चढलेला दिसला. विचार करायला लावणारी गोष्ट आहे. पण लक्षात घ्या, ते हृदयाबद्दल होतं. सरासरी होती. आणि आकडा चढला तर करायचं काय, हे त्या अभ्यासालाही सांगता आलेलं नाही. डी-डायमर वाढला म्हणून रक्त पातळ करायची गोळी वाढवा, असं कुठलंही मार्गदर्शन सांगत नाही. वाढवली तर पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मग दर तीन महिन्यांनी हाती काय लागणार? एक लाल आकडा, आणि मामंजींचं आणखी अर्धं जेवण.

रक्त पातळ करायच्या औषधांचा खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारण्यासारखा आहे. २०२०च्या एका मोठ्या चाचणीत, पायाची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्या साडेसहा हजार रुग्णांना अ‍ॅस्पिरिनसोबत रिव्हारॉक्साबॅन अडीच मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं, तेव्हा अचानक पाय बंद पडणं, पाय कापावा लागणं, हार्ट अटॅक, लकवा आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू यांची बेरीज सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाली. रक्तस्राव थोडा वाढला. क्लोपिडोग्रेल किती महिने चालवायचं, पुढे ही जोडी द्यायची का, हे मामंजींची किडनी, पोट आणि वय पाहून सर्जन ठरवतील. यात डी-डायमरला कोणी विचारत नाही.

दिरांना वडिलांची काळजी आहे आणि ते लांब आहेत. लांबून पॅकेजच बुक करता येतं, पाय पाहता येत नाही. पाय तुम्ही पाहता. सर्जन लोकांकडे पायाचा धोका मोजायची २०१४पासूनची एक पद्धत आहे: जखम किती खोल, रक्तपुरवठा किती कमी, जंतुसंसर्ग किती, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. त्यात रक्ताची एकही महागडी खूण नाही, डोळे आणि दाबाचं यंत्र लागतं. तुमच्याकडे यंत्र नाही, पण डोळे रोजचे आहेत. रात्री जेवणानंतर मोबाइलचा टॉर्च लावा. बोटांच्या बेचक्या उघडून पाहा, पावसाळ्यात चिखल्या तिथेच सुरू होतात. टाचेच्या मागे पाहा, ती भेग कोणाला दिसत नाही. नखाच्या कडेला लाली आहे का, एखादं बोट काळपट-निळसर आहे का, कुरुपाखाली ओलावा आहे का? हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पावलांना स्पर्श करा, एक दुसऱ्यापेक्षा थंड लागतं का? कुरूप ब्लेडने कापू देऊ नका. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी नको, बधिर पायाला चटका कळत नाही. आणि ती अंगठ्याची चप्पल घरातून बाहेर काढा. कोल्हापुरी कितीही भारी असली तरी या पायांना पुढून बंद, मऊ आणि अर्धा नंबर मोठा बूटच हवा. घालायच्या आधी आत हात फिरवून खडा आहे का ते बघायचं.

जखम भरली आहे, तर चालणंही सुरू करा. इको होऊ दे आणि सर्जननी हो म्हणू दे, मग आठवड्यातून तीन दिवस, पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. असं अर्धा ते पाऊण तास. बारा आठवडे नेटाने केलं तर अंतर वाढतं. मळ्यापर्यंतची वाट त्यासाठी चांगली आहे, फक्त तिथे पोचल्यावर काय होतं तो प्रश्न आहे.

बिडी. रक्तात आणि लघवीत कोटिनिन नावाचं द्रव्य मोजता येतं, ते गेल्या दोन-तीन दिवसांत निकोटिन शरीरात गेलं का ते सांगतं. पायाच्या रुग्णाबद्दल सगळ्यात जास्त बोलकी खूण बहुधा हीच असेल, आणि ती कुठल्याच पॅकेजमध्ये नसते. तुम्हाला तिची गरज नाही, तुम्हाला वास येतो. दोन-चार बिड्या म्हणजे थोड्याच, असं नसांना वाटत नाही. माळ घातल्यावर ज्या माणसाने मटण सोडलं त्याला बिडी सोडणं अशक्य नाही, पण चोरून ओढणाऱ्याला मदत करता येत नाही. निकोटिनचे च्युइंगम, पट्ट्या, गोळ्या मिळतात, आणि डॉक्टरांना खरं कळलं तरच ते देतील. सून म्हणून मामंजींना तोंडावर बोलणं तुमच्यासाठी अवघड आहे, हे मला कळतं. मिस्टरांना सांगा, किंवा ही ओळ वाचायला द्या. पुढच्या तपासणीला खोलीत तुम्ही किंवा ते, कोणीतरी सोबत बसा, आणि "सोडली" असं उत्तर आलं की "मळ्यात अजून चालू आहे" एवढं सांगा. भांडण झालं तर होऊ द्या.

मामंजींना काय सांगायचं? त्यांच्याशी आकडे बोलू नका. त्यांना सांगा, डॉक्टरीण म्हणाली की या रिपोर्टात पाय काढायची गोष्ट कुठेही लिहिलेली नाही. लाल शाईतला एक आकडा खोकल्याचा आहे, एक मटण सोडल्याचा आहे, एक तुमच्या आईवडिलांकडून आलेला आहे. हृदयाचा एक फोटो काढायचा आहे. जखम भरली, याचा अर्थ पायाला रक्त पोचतंय. आणि जेवा, कारण ग्लिमेपिराइड घेऊन अर्धपोटी राहिलात तर शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येईल, आणि पाय मोडेल तो वेगळाच. हे शेवटचं मी गमतीत लिहिलेलं नाही. त्यांचं जेवण निम्मं झालंय, हे शुगरच्या डॉक्टरांना याच आठवड्यात कळवा, गोळीचा डोस बदलावा लागेल.

एक गोष्ट मात्र कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता करायची. एखाद्या दिवशी पाय अचानक खूप दुखायला लागला, पांढरा पडला, गार झाला, मुंग्या येऊन बधिर झाला किंवा बोटं हलेनाशी झाली, तर नस एकदम बंद पडली असं समजायचं. हातात काही तासच असतात. तेल चोळायचं नाही, शेकायचं नाही, सकाळपर्यंत थांबायचं नाही. याच्याइतकं अचानक नसलं तरी, रात्री पाऊल दुखून झोपमोड होऊ लागली आणि पलंगाखाली पाय लोंबकळत सोडला की बरं वाटू लागलं, किंवा नवी जखम दोन-तीन दिवसांत सुकायचं लक्षण दिसेना, तर त्याच आठवड्यात सर्जन. मिरज-सांगलीत रात्री कुठल्या हॉस्पिटलात व्हॅस्क्युलर सर्जन (नसांचे सर्जन) येतात आणि कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफीची खोली, चालू असते, ते आताच फोन करून विचारून घ्या. गावात रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल तेही ठरवा, आणि दोन्ही नंबर मामंजींच्या औषधाच्या डब्याच्या झाकणावर चिकटवा.